स्प्रिंग ट्रेनिंग बघताना नेमकं काय बघायचं: फँटसी बेसबॉलच्या नव्या भिडूंसाठी

२०१८च्या मार्चमध्ये बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा जपानी शोहेई ओटानी अमेरिकेतलं आपलं पहिलं स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव कॅम्प, खेळत होता. ॲरिझोनातल्या सराव सामन्यांत बॅटिंग सरासरी .१२५ आणि पिचर म्हणून ईआरए (दर नऊ इनिंगमागे द्यावे लागलेले रन) २७.००. याला थेट खालच्या मायनर लीगमध्येच धाडावं, अशी चर्चा सुरू झाली होती. सीझन सुरू झाला, ओटानीने २२ होम रन मारले आणि वर्षअखेर तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आता उलटं उदाहरण. २०११च्या मार्चमध्ये बॉल्टिमोर ओरियोल्सच्या जेक फॉक्सने १० होम रन ठोकले, त्या स्प्रिंगमध्ये सगळ्यांत जास्त. खऱ्या सीझनमध्ये तो २७ सामने खेळला आणि त्याचे होम रन झाले दोन.

ही दोन नावं घेऊन बरेच जण ‘स्प्रिंगचे आकडे म्हणजे कचरा’ असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सहा आठवड्यांच्या कॅम्पमधून कामाची माहिती भरपूर बाहेर पडते, फक्त ती बॅटिंग सरासरीच्या रकान्यात नसते. खेळाडूने काय केलं हे जरा बाजूला ठेवा. त्याला कोणतं काम दिलं जातंय, ते काम करायला त्याचं अंग धड आहे का, आणि गेल्या वर्षी त्याच्याकडे नव्हतं असं काही यंदा त्याच्या हातात आलंय का, ते बघा. पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवतीच फिरतं.

ज्यांनी आजवर फक्त ड्रीम११वर क्रिकेटचे संघ लावलेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगतो. फँटसी बेसबॉलमध्ये रोज नवा संघ लावून मोकळं होता येत नाही. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदा ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडूंची निवड, होते, आणि निवडलेल्या खेळाडूंबरोबर सप्टेंबरपर्यंत, १६२ सामन्यांचा संसार करायचा असतो. अधूनमधून बदल करता येतात, पण पाया तोच राहतो. ईएसपीएन आणि याहूवर फुकट लीग आहेत, शिकायला त्या उत्तम. भारतात राहणाऱ्यांनी तर फुकटच खेळावं, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे. आणि न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये ऑफिसातल्या लोकांनी ‘एक टीम कमी पडतेय’ म्हणून तुम्हाला ओढलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. बारावी टीम म्हणून आणलेला देशी माणूस शेवटचा येणार हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

पायरी पहिली: आपल्या लीगचे नियम वाचा

कंटाळवाणं काम आहे, पण करा. फँटसी बेसबॉलचा आजचा प्रकार १९८० साली न्यू यॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रमंडळींनी सुरू केला. ‘रोटिसरी’ हे नाव ज्या रेस्टॉरंटात ते जमायचे त्याच्यावरून पडलं. त्या पद्धतीत आज बहुधा दहा रकाने असतात. बॅटिंगचे पाच: रन, होम रन, आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन), स्टील (चोरलेला बेस) आणि सरासरी. पिचिंगचे पाच: विजय, सेव्ह (थोडी आघाडी शेवटपर्यंत राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट). दुसरा प्रकार गुणांचा, जिथे प्रत्येक कृतीला ठरलेले गुण मिळतात.

याचा स्प्रिंगशी संबंध असा, की कोणती बातमी तुमच्या कामाची ते नियम ठरवतात. सरासरीऐवजी ऑन-बेस टक्केवारी मोजणाऱ्या लीगमध्ये वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) घेणारा बॅटर सोन्यासारखा. सेव्ह मोजतच नसतील तर क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, कोण होणार याच्या बातम्या वाचण्यात वेळ घालवू नका. जखमी खेळाडू ठेवायला वेगळी जागा आहे का, तेही आत्ताच बघून ठेवा, पुढे लागेल.

पायरी दुसरी: कॅम्प सुरू होण्याआधीच यादी करा

पिचर आणि कॅचर फेब्रुवारीच्या मध्यावर कॅम्पमध्ये दाखल होतात. त्याच्या आत तुमची यादी तयार हवी. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटवर स्टीमर आणि झिप्स हे अंदाज मिळतात. ते मागच्या काही वर्षांची कामगिरी, वय आणि बाकीच्या गोष्टी धरून पुढच्या सीझनचा आकडा काढतात. त्यांच्या शेजारी एडीपी लिहा, म्हणजे हा खेळाडू लोकांच्या ड्राफ्टमध्ये सरासरी कितव्या नंबरावर जातोय ते.

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते. खेळाडू, अंदाज, एडीपी आणि शेवटी एक रिकामा रकाना. त्या रकान्यात मार्चभर फक्त कारण लिहायचं. ‘चांगला खेळतोय’ हे कारण नव्हे. ‘हॅमस्ट्रिंग दुखावलं, दोन आठवडे बाहेर’ हे कारण. ‘सलग सहा सामने लीडऑफ (पहिल्या नंबरावर बॅटिंग)’ हेही कारण. आधी यादी नसेल, तर मार्चमधल्या प्रत्येक होम रनमागे तुम्ही हुरळलेल्या मेंढीसारखे धावाल, कारण आधी आपलं मत काय होतं हेच लक्षात राहणार नाही.

पायरी तिसरी: सामना कसला चाललाय ते ओळखा

मेजर लीगच्या तीसपैकी पंधरा संघ फ्लोरिडात असतात, ती ग्रेपफ्रूट लीग. पंधरा ॲरिझोनात, ती कॅक्टस लीग. ॲरिझोनातली सगळी मैदानं फिनिक्स शहराच्या आसपास आहेत. फ्लोरिडातली मात्र दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेली, त्यामुळे बाहेरच्या सामन्याला बसचा लांब प्रवास पडतो आणि मुरलेले खेळाडू तो टाळतात. म्हणून एखादा स्टार तीन दिवस दिसला नाही, तर लगेच धसका घेऊ नका. ते सामने कुठे होते, आधी ते बघा.

ॲरिझोनातली हवा कोरडी आणि विरळ. चेंडू लांब जातो, ब्रेकिंग बॉल कमी वळतो. तिथे पिचरचा ईआरए फुगतो आणि बॅटरचे आकडे देखणे दिसतात. दोन्हीकडचे आकडे एका तराजूत घालू नका.

समोर कोण आहे हे त्याहून महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात नेहमीचे खेळाडू दोन वेळा बॅटिंग करतात आणि पाचव्या इनिंगपर्यंत आंघोळीला गेलेले असतात. त्यानंतर ऐंशी-नव्वद नंबरच्या जर्सीतली पोरं उतरतात. सातव्या इनिंगमधला होम रन कोणाविरुद्ध मारला? कदाचित जुलैमध्ये डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली) खेळणाऱ्या मुलाविरुद्ध. बेसबॉल-रेफरन्सच्या स्प्रिंग आकड्यांत समोरच्यांचा दर्जा दाखवणारा रकाना असतो. तिथे १० म्हणजे मेजर लीग, ८ म्हणजे ट्रिपल-ए, ७ म्हणजे डबल-ए. कुणी .४२० मारतोय आणि शेजारी ७.१ दिसतंय, तर पान उलटा.

पिचर बऱ्याचदा निकालासाठी टाकतच नसतो. अनुभवी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) एखाद्या दिवशी ठरवून येतो, की आज नवा चेंजअपच (हळू, फसवा चेंडू) टाकून बघायचा. मार खातो, हसत हसत परत जातो. बॉक्स स्कोअरमध्ये पाच रन दिसतात, हेतू दिसत नाही.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित: फ्लोरिडातला दुपारी १:०५चा सामना अमेरिकेची घड्याळं पुढे सरकल्यावर आपल्याकडे रात्री १०:३५ला लागतो. ॲरिझोनातला त्याच वेळचा सामना रात्री १:३५ला. ॲरिझोनासाठी जागू नका, सकाळी आकडे बघा. फ्लोरिडातल्या सामन्याच्या पहिल्या तीन इनिंग बघून झोपलात तरी बघण्यासारखं बहुतेक बघून झालेलं असतं.

पायरी चौथी: आधी नोकरी, मग कर्तबगारी

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. फँटसीत खेळाडूची किंमत म्हणजे त्याची गुणवत्ता गुणिले त्याला मिळणाऱ्या संधी. गुणवत्तेचा अंदाज स्टीमरने केलेला आहेच. संधी किती मिळणार हे मार्चमध्ये कळतं, आणि या बाबतीत कॅम्पच्या बातम्या अंदाजांच्या पुढे असतात.

२०२४चं उदाहरण घ्या. शिकागो व्हाइट सॉक्सचा गॅरेट क्रोशे तोवर रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) होता. मेजर लीगमध्ये त्याने एकदाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. कॅम्पमध्ये त्याला स्टार्टर म्हणून तयार करायला घेतलं आणि सीझनच्या पहिल्याच दिवशी चेंडू त्याच्या हातात दिला. वर्षभरात १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट. ही बातमी ईआरएच्या रकान्यात नव्हती. प्रत्येक आउटिंगमध्ये (टाकायला उतरण्याच्या खेपेत) त्याच्या इनिंग वाढत होत्या, तिथे होती. (त्याच वर्षी व्हाइट सॉक्सने १२१ सामने हरण्याचा पराक्रम केला, त्यामुळे क्रोशेच्या नावावर विजय अवघे सहा. नियम आधी वाचा म्हणालो ते यासाठी.)

त्याच मार्चमध्ये सॅन डिएगो पाद्रेजने वीस वर्षांच्या जॅक्सन मेरिलला सेंटर फील्डला उभं केलं. मुलगा मूळचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), डबल-एच्या वर कधी खेळलेला नाही. संघ नव्या जागेची सवय रोज करून घेतोय, म्हणजे त्याला बरोबर न्यायचा विचार पक्का होत चाललाय, हे वाचणाऱ्यांनी वाचलं. सीझनअखेर सरासरी .२९२, २४ होम रन आणि १६ स्टील.

नोकरीच्या खुणा कुठे शोधायच्या?

बॅटिंग ऑर्डरमध्ये. एकाच सामन्याची ऑर्डर काही सांगत नाही. पण बाकीचे नेहमीचे खेळाडू मैदानात असताना कोणाला वारंवार पहिल्या-दुसऱ्या नंबरावर पाठवलं जातंय, ते टिपून ठेवा. ऑर्डरमध्ये एक जागा खाली म्हणजे सीझनला साधारण पंधरा-वीस वेळा बॅटिंग कमी. नवव्यावरून पहिल्यावर गेलेल्या माणसाचे रन आणि स्टील आपोआप वाढतात, त्याचा खेळ तसूभरही सुधारला नसला तरी.

समोर डावखुरा पिचर असताना कोण बसतो, यात. डावखुऱ्यांविरुद्ध ठरवून बाकावर बसवला जाणारा बॅटर म्हणजे अर्धवेळ नोकरी. आपल्यापैकी कोणाला खेळवायचं हे रोज ठरवता येणाऱ्या लीगमध्ये तो चालेल, आठवड्याच्या लीगमध्ये त्रास देईल.

क्लोजरच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. स्प्रिंगमध्ये नववी इनिंग कोण टाकतो याला काडीची किंमत नाही. उलट खऱ्या क्लोजरला तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये आणतात, म्हणजे समोरचे खरे बॅटर घरी जायच्या आत त्याला टाकायला मिळावं. म्हणून इनिंगचा नंबर बघू नका, समोर कोण होतं ते बघा. मॅनेजर ‘आम्ही समोरचे बॅटर बघून ठरवू’ म्हणाला, तर सेव्ह दोघा-तिघांत वाटले जातील असं धरून चाला.

मग कागदपत्रं. बेसबॉलमध्ये करारांची भानगड खेळाइतकीच महत्त्वाची. सीझनच्या संघात २६ जण, त्यामागे ४० जणांची यादी. त्या यादीत नसलेला ‘नॉन-रोस्टर’ पाहुणा कितीही झळकला, तरी त्याला घ्यायचं तर दुसऱ्या कोणाला तरी यादीतून काढावं लागतं. ज्याचे मायनर लीगमध्ये पाठवायचे ‘ऑप्शन’ संपलेत, त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं, म्हणून बरोबरीच्या लढतीत तो बहुधा जिंकतो. ज्याचे ऑप्शन शिल्लक आहेत तो चांगला खेळूनही खाली जातो. अन्याय आहे, पण हिशोब असाच चालतो.

यातलं गाजलेलं प्रकरण शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचं. २०१५च्या स्प्रिंगमध्ये ९ होम रन, सरासरी .४२५. तरी त्याला खाली पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. सेवेचं पूर्ण वर्ष १७२ दिवसांचं, त्याचे भरले १७१. एका दिवसाच्या फरकाने तो मोकळा होण्याआधी कब्जच्या ताब्यात आणखी एक वर्ष राहिला. तोही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२२च्या करारानंतर चित्र थोडं बदललंय. नावाजलेल्या नवोदिताला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि त्याने मोठं बक्षीस मिळवलं, तर संघाला मेजर लीगच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये जादा पिक मिळू शकतो. त्यामुळे हल्ली पोरं मार्चमध्येच संघात शिरताना दिसतात. पण भरवसा धरू नका. २०२४मध्ये नंबर एकचा नवोदित म्हणून गाजलेल्या जॅक्सन हॉलिडेला ओरियोल्सने आधी ट्रिपल-एला धाडलं, एप्रिलमध्ये बोलावलं, आणि त्या सीझनची त्याची सरासरी .१८९ राहिली. नवोदितासाठी वरचा पिक मोजणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

पायरी पाचवी: पिचर जोखताना

ईआरए झाकून ठेवा. खरंच, शीटमधला तो रकाना लपवून टाका.

पहिली गोष्ट वेग. फास्टबॉल ताशी किती मैलांनी येतोय हे समोरच्या बॅटरवर अवलंबून नसतं, म्हणून छोट्या नमुन्यातही त्यावर विश्वास ठेवता येतो. बेसबॉल सॅव्हंट या साइटवर स्टॅटकास्ट यंत्रणेने मोजलेले आकडे मिळतात. प्रत्येक सराव सामन्याचे मिळतीलच असं नाही, पण मिळतात तेवढे घ्या. तुलना करताना त्याच पिचरच्या मागच्या मार्चशी करा, मागच्या ऑगस्टशी नको. सुरुवातीला हात अजून तापलेला नसतो, मैलभर कमी वेग नेहमीचा. उलट एकाच इनिंगसाठी आलेला स्टार्टर सगळा जोर लावतो, तेव्हा वेग जास्तही दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आउटिंगपासूनचे आकडे जास्त खरे.

दुसरी गोष्ट नवा पिच, म्हणजे चेंडूचा नवा प्रकार. स्वीपर, स्प्लिटर, कटर, काहीही. कॅम्पमध्ये अर्धे पिचर नवीन काहीतरी शिकून आल्याचं सांगतात. सांगण्याला किंमत नाही, टाकण्याला आहे. चौथ्या आउटिंगमध्येही तो पिच शंभरातले पंधरा-वीस वेळा दिसत असेल, तर सीझनमध्येही दिसेल.

तिसरी गोष्ट स्ट्राइकआउट आणि वॉक यांचं प्रमाण. क्षेत्ररक्षण, वारा, नशीब या सगळ्यांपासून ते बरंचसं सुटं असतं.

आता एक आउटिंग जवळून वाचून बघू. समजा एका स्टार्टरच्या तिसऱ्या आउटिंगची नोंद अशी आहे: ३ इनिंग, ५ हिट, ४ रन, ५ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, ५२ चेंडू. बातमीचा मथळा असणार, ‘पुन्हा धुतला गेला’. आता सॅव्हंटवर जा. फास्टबॉल सरासरी ९५.८, मागच्या मार्चमध्ये ९४.३. बावन्नपैकी ११ चेंडू कटर, जो गेल्या वर्षी त्याच्याकडे नव्हता. पाच हिटपैकी तीन जमिनीवरून सरपटत फटीतून गेलेले. तिसऱ्या आउटिंगला ५२ चेंडू म्हणजे तयारी वेळेवर. हा माणूस वर सरकवा, मथळा वाचून बाकीचे त्याला खाली ढकलत असतानाच.

दुसरा स्टार्टर, त्याच दिवशी: ३ इनिंग, शून्य रन, एक हिट, १ स्ट्राइकआउट, ३ वॉक. मथळा, ‘अभेद्य’. फास्टबॉल ९१.९, मागच्या मार्चमध्ये ९३.७. मला हा नको. पुढच्या आउटिंगमध्येही वेग परतला नाही, तर अजिबात नको.

चेंडूंच्या संख्येची शिडीही बघत राहा. साधारण ३० चेंडूंपासून सुरुवात होऊन मार्चअखेरीस स्टार्टर ७५ ते ९० पर्यंत पोचायला हवा. एखादा २० मार्चला ४५वरच अडकला असेल, तर एप्रिलमध्ये तो पाचवी इनिंग पूर्ण करणार नाही, आणि पाच इनिंगशिवाय स्टार्टरला विजय मिळत नाही. मध्येच एखादी आउटिंग गायब झाली तर लगेच घाबरू नका. ती ‘बॅक फील्ड’वर, प्रेक्षकांविना झालेली असू शकते. स्थानिक बातमीदाराने त्याची नोंद केली आहे का ते बघा. त्यानेही केली नसेल, तर मात्र घाबरा.

पायरी सहावी: बॅटर जोखताना

नियमित खेळाडूला अख्ख्या स्प्रिंगमध्ये पन्नास-साठ वेळा बॅटिंग मिळते. एवढ्यात सरासरीबद्दल काही म्हणजे काहीच कळत नाही. तिला स्थिरावायला पूर्ण सीझनही अपुरा पडतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र साठेक वेळांच्या आसपास बोलायला लागतं. म्हणून गेल्या वर्षी तीस टक्के वेळा स्ट्राइकआउट होणारा बॅटर मार्चअखेरीस अठरा टक्क्यांवर असेल, तर शेवटच्या रकान्यात लिहा. ॲरन जज हे त्याचं टोक. २०१६च्या अखेरीस ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट, सरासरी .१७९. २०१७च्या स्प्रिंगमध्ये राइट फील्डची जागा मिळवण्यासाठी त्याला ॲरन हिक्सशी झगडावं लागलं. जागा मिळाली आणि त्या वर्षी ५२ होम रन. पुन्हा बघा, आधी नोकरीच ठरली.

फटक्याचा वेग हा आणखी एक आकडा, जो समोरच्यावर फारसा अवलंबून नसतो. सरासरी वेगासाठी बरेच फटके लागतात, पण कमाल वेगासाठी एकच पुरतो. ताशी ११२ मैलांचा फटका नशिबाने बसत नाही. तेवढी ताकद अंगात असते किंवा नसते. गेल्या वर्षी १०८च्या वर न गेलेला तरुण खेळाडू यंदा ११२ मारतोय, तर तो फटका फील्डरच्या हातात गेला असला तरी मोजा.

स्टीलमध्ये प्रयत्न मोजा, यश नको. २०२३मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरने रनरला अडवायला किती वेळा थांबायचं यावर मर्यादा आली, आणि लीगभरातले स्टील २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. तेव्हापासून कोणता मॅनेजर धावायला मोकळीक देतो हे मार्चमध्येच दिसायला लागतं. एरवी न धावणारा माणूस पहिल्या दहा सामन्यांत चारदा धावला, तर कोणीतरी त्याला धाव म्हणून सांगितलेलं आहे.

आकडेवारीतले जुने जाणते जॉन ड्युवन यांचा एक ठोकताळाही सांगून ठेवतो: स्प्रिंगमधलं स्लगिंग (दर ॲट-बॅटमागे फटक्यांवर मिळालेले बेस) कारकिर्दीतल्या स्लगिंगपेक्षा .२०० ने वर असेल, तर तो बॅटर यंदा उसळी घेण्याची शक्यता वाढते. मी त्याचा वापर दोन सारख्या नावांत अडलो तरच करतो.

आणि ओटानी? कॅम्पच्या शेवटच्या दिवसांत त्याने पाय उंच उचलून मारायची जुनी सवय सोडली, आणि पुढचा पाय नुसता टेकवून मारायला लागला. पिचरचा वेग गाठायला त्याला वेळ मिळाला. त्या दिवसांतले व्हिडिओ बघणाऱ्याला .१२५च्या आकड्यापेक्षा जास्त कळलं असतं.

पायरी सातवी: दुखापतींची भाषा शिका

२०२३चं स्प्रिंग आठवा. २७ फेब्रुवारीला डॉजर्सचा गॅविन लक्स बेसच्या मध्ये धावताना गुडघा गमावून बसला. १५ मार्चला मेट्सचा क्लोजर एडविन डियाझ वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेतला विजय साजरा करताना कोसळला. १८ मार्चला होसे आल्तुवेचा अंगठा चेंडू लागून मोडला. २३ मार्चला फिलीजचा रीस हॉस्किन्स एक साधा ग्राउंडर अडवताना पडला. आल्तुवे मे महिन्यात परतला, बाकी तिघांचा सीझन गेला. ज्यांचे ड्राफ्ट १ मार्चला उरकले होते, त्यांनी डियाझसाठी वरचा पिक मोजलेला होता. तारीख ठरवणं तुमच्या हातात असेल, तर ड्राफ्ट शक्य तेवढा उशिरा ठेवा.

क्लबची निवेदनं गोड असतात, त्यातले शब्द ओळखायला शिका. पिचरच्या बाबतीत ‘फोअरआर्म टाइटनेस’ (कोपराखालचा हात आखडणं) किंवा ‘कोपरात अस्वस्थता’ दिसलं, की त्याला निदान चार-पाच फेऱ्या खाली टाका, एमआरआयचा निकाल यायच्या आधीच. कोपराच्या शस्त्रक्रियेपर्यंतचा रस्ता बहुधा इथूनच सुरू होतो, आणि टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर पिचर वर्ष-दीड वर्ष दिसत नाही. २०२५च्या मार्चमध्ये यांकीजचा गेरिट कोल असाच गेला. ‘ओब्लिक’ म्हणजे बरगडीखालचा स्नायू, महिना धरून चाला. बॅटरच्या तळहातातलं ‘हॅमेट’ हाड काढलं, तर तो दीड-दोन महिन्यांत परततो, पण फटक्यातला जोर परतायला बऱ्याचदा आणखी वेळ लागतो. ‘खबरदारी म्हणून विश्रांती’ एकदा ऐकलं तर ठीक, एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं तर नाही.

पायरी आठवी: बातम्या चाळणीतून गाळा

‘आयुष्यात इतका तंदुरुस्त कधीच नव्हतो’ हे वाक्य दर फेब्रुवारीत तीसही कॅम्पमधून येतं. अमेरिकन चाहते त्याची यथेच्छ टिंगल करतात, तुम्हीही करा. मॅनेजर कौतुक करतो तेव्हा त्याला पैसे पडत नाहीत. तो संघातली जागा देतो तेव्हा पडतात. त्या-त्या शहरातले रोज कॅम्पवर हजर असणारे बातमीदार निवडा, संघागणिक एक पुरे. देशभराच्या मोठ्या विश्लेषकांकडे हीच माहिती एक दिवस उशिरा आणि मतांच्या फोडणीसकट येते.

पायरी नववी: किंमत

कळलेल्या गोष्टीचा उपयोग तेवढाच, जेवढी ती इतरांना अजून कळलेली नाही. एखाद्या पिचरचा नवा स्वीपर सगळीकडे गाजला आणि त्याचा एडीपी २२० वरून १३० वर आला, तर तुमचा शोध बाजाराने आधीच विकत घेतलाय. तेव्हा सोडून द्या, कितीही आवडला तरी.

बारा संघ, प्रत्येकी २३ खेळाडू, म्हणजे २७६ जण निवडले जाणार. त्यातल्या पहिल्या दीडशेंची जागा स्प्रिंगमधल्या खेळावरून हलवू नका, दुखापत किंवा काम बदललं तरच हलवा. मार्चची मेहनत वसूल होते ती शेवटच्या सात-आठ फेऱ्यांत, जिथे अंदाजांच्या दृष्टीने सगळे सारखेच असतात आणि ‘याला पाचवा स्टार्टर केलाय’ ही एक ओळ फरक पाडते. लिलावाच्या लीगमध्ये, जिथे नेहमीचं बजेट २६० डॉलरचं असतं, हेच खेळाडू एक-दोन डॉलरला मिळतात. त्यांच्यासाठी शेवटी आठ-दहा डॉलर राखून ठेवा.

ड्राफ्टच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन आठवडे

सीझन कधी सुरू होतोय ते तपासा. काही वर्षी दोन संघ परदेशात आधीच खेळतात, जसे २०२४मध्ये सोलला डॉजर्स-पाद्रेज आणि २०२५मध्ये टोकियोला डॉजर्स-कब्ज, दोन्ही वेळा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. ते सामने तुमच्या लीगमध्ये मोजले जाणार असतील, तर संघ त्याआधी लावावा लागेल. ड्राफ्टच्या दिवशी सकाळी एकदा, आणि सुरू व्हायच्या तासभर आधी पुन्हा एकदा दुखापतींची यादी बघा. जखमींसाठी वेगळी जागा असेल, तर शेवटच्या फेरीत एप्रिलअखेर परतणारा चांगला खेळाडू उचला. तो अधिकृतपणे जखमी यादीत गेला की ती जागा मोकळी होते आणि कोणीच न घेतलेल्या खेळाडूंमधून आणखी एक जण घेता येतो.

मग सामने सुरू होतात आणि मार्चची वही बंद करायची वेळ येते. स्प्रिंगमधल्या खुणांवरून शेवटच्या फेऱ्यांत घेतलेल्यांना दोन आठवडे द्या. ज्या कामासाठी घेतलं ते काम त्यांना मिळालं नाही, लीडऑफ म्हणून घेतलेला आठव्या नंबरावर खेळतोय, क्लोजर म्हणून घेतलेला सातव्या इनिंगमध्ये येतोय, तर दयामाया न दाखवता सोडा आणि दुसरा घ्या. पहिल्या पाच फेऱ्यांतला कोणी एप्रिलभर .१८० मारत असला तरी त्याला हात लावू नका. ऑफिसातला कुणीतरी ‘याच्या बदल्यात माझे दोन घे’ म्हणत येईलच, त्याला मे महिन्याच्या मध्यापर्यंत थांबायला सांगा.